औषध, सोने आणि पात्र : अलंकाराच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न

इंग्रजीच्या अध्यापनात ‘फिगर्स ऑफ स्पीच’ आणि मराठीच्या अध्यापनात ‘अलंकार’ या नावाने जे प्रकरण शिकवले जाते, त्याची परिणती बहुधा एका नामकरणात होते. ओळ दिली जाते. विद्यार्थी तिला रूपक, चेतनागुणोक्ती, व्याजोक्ती यांपैकी एखादे नाव देतो, नावाचे कारण एका वाक्यात सांगतो आणि गुण मिळवतो. ती उक्ती कोणी, कोणाला उद्देशून, कोणत्या परिस्थितीत उच्चारली आणि ती खरी मानून चालणाऱ्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न या पद्धतीत उद्भवतच नाहीत. त्यांना उद्भवू न देणे हाच या पद्धतीचा हेतू असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. अलंकार म्हणजे अंगावर घालता येणारी आणि उतरवून ठेवता येणारी वस्तू, असे एकदा मानले की तिच्याविषयी सौंदर्याचा प्रश्न विचारता येतो. उत्तरदायित्वाचा येत नाही.

प्रस्तुत लेखात विचारावयाचा प्रश्न हाच आहे : अलंकारिक उक्तीला नैतिक उत्तरदायित्व असते काय, आणि असल्यास ते कोणाकडे जाते? काव्यापुरता हा प्रश्न मर्यादित ठेवला तर त्याचे उत्तर ‘कविस्वातंत्र्य’ या एका शब्दात गुंडाळता येते. म्हणून येथील उदाहरणे मुद्दाम काव्याबाहेरची घेतली आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या बाजूला ढाणकी हे बाजाराचे गाव आहे. त्या परिसरातील शेतीच्या बोलण्यात जे दोन-तीन शब्द रोज वापरले जातात, त्यांच्या आधारे हा प्रश्न जितका धारदार होतो, तितका पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांनी होत नाही.

इंग्रजी परंपरेला या प्रश्नाची जाणीव नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. जॉर्ज पटनम याने १५८९ च्या आपल्या काव्यविषयक ग्रंथात ग्रीक-लॅटिन अलंकारांना घरगुती इंग्रजी नावे दिली. व्याजोक्ती ही त्याच्या मते ‘कोरडी थट्टा’, तर अतिशयोक्ती म्हणजे ‘मोठ्याने खोटे बोलणारा’. ही नावे गमतीची असली तरी त्यांत अलंकार एखाद्या माणसासारखा उभा राहतो, आणि माणसाच्या वागणुकीविषयी बोलता येते तसे त्याच्याविषयीही बोलता येते. अलंकार हे बोलण्याच्या मर्यादेचे उल्लंघन आहे, हे पटनम मान्य करतो. कवी हा न्यायाधीश नसून वकील आहे, एवढ्या कारणावर तो त्याला सोडून देतो. हॉब्जने १६५१ मध्ये आणि लॉकने १६९० मध्ये ही सवलत काढून घेतली. लॉकच्या मते जेथे ज्ञान अभिप्रेत आहे तेथे अलंकारिक भाषा निव्वळ फसवणूक करते. लॉकचा हा उतारा स्वतःच अलंकारांनी भरलेला आहे, फसवणुकीची आणि स्त्रीसौंदर्याच्या मोहाची उपमा त्याला टाळता आलेली नाही, हे पॉल द मान याने १९७८ च्या आपल्या निबंधात मार्मिकपणे दाखवले. तेव्हापासून ‘भाषा मुळातच अलंकारिक आहे’ हे विधान आपल्याकडील चर्चासत्रांतूनही ऐकू येऊ लागले. विधान खरे आहे. परंतु त्यातून एक सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो, तो खरा नाही. सर्वच भाषा अलंकारिक असेल तर कोणत्याच अलंकाराबद्दल कोणी जबाबदार नाही, असा तो निष्कर्ष. सर्वच माणसे मर्त्य आहेत म्हणून कोणत्याच मृत्यूची चौकशी नको, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

आता ढाणकीच्या परिसरातील पहिला शब्द घेऊ. पिकावर फवारावयाच्या विषाला तेथे ‘औषध’ म्हणतात. केवळ तेथेच नव्हे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हाच शब्द आहे. बी-बियाणे, खते आणि औषधे ही त्रयी दुकानांच्या पाट्यांवर असते. ‘कपाशीवर औषध मारलं’ हे वाक्य हंगामात सर्वांच्या तोंडी असते.

मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : मुख्य अर्थाला बाध येणे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असणे, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक असणे. ‘औषध’ या शब्दाला ही कसोटी लावून पाहावी. औषध बरे करते, हे द्रव्य मारते. म्हणून बाध आहे. पीक आजारी, अळी हा रोग, द्रव्य हा उपचार, अशी साखळी जोडली की संबंधही आहे. राहिला तिसरा घटक. आज कोणी हा शब्द विशिष्ट हेतूने वापरत नाही, म्हणून ही रूढलक्षणा ठरते. ‘कुशल’ म्हणताना कुश तोडणारा कोणाला आठवत नाही, तसेच हे. रूढलक्षणेत व्यंग्य उरत नाही, असे शास्त्र सांगते. म्हणजेच तिच्या मागे विचारण्यासारखे काही उरत नाही.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. रूढी आणि प्रयोजन हे शास्त्रात दोन पर्याय म्हणून मांडले गेले. पण कित्येकदा ती एकाच शब्दाच्या आयुष्यातील दोन वये असतात. आज जे रूढ आहे, ते केव्हातरी कोणाच्या तरी प्रयोजनाने रूढ झालेले असते. विकणाऱ्याला ‘विष’ या शब्दापेक्षा ‘औषध’ हा शब्द सोयीचा आहे, हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही. प्रयोजन विस्मृतीत जाणे हाच प्रयोजनाचा सर्वांत मोठा विजय होय, आणि शास्त्राची रूढलक्षणा ही कोटी त्या विस्मृतीवर मान्यतेची मोहोर उठवते.

परंतु भाषा इतकी विसराळू नसते. ‘औषध’ हे नाम ज्या क्रियापदांबरोबर येते ती पाहावीत. आजारी माणूस औषध ‘घेतो’. कपाशीवर मात्र औषध ‘मारतात’. आणि एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाविषयी ‘त्यानं औषध पेलं’ एवढेच वाक्य कानावर आले, तर ऐकणारा कोणते औषध, असे विचारत नाही. नामाने जे झाकले ते क्रियापद उघडे करते. शास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर नामातून नाहीसा झालेला मुख्यार्थबाध वाक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जिवंत राहिला आहे. मला हे निरीक्षण महत्त्वाचे वाटते, कारण मृत रूपकांविषयीची आपली सर्व चर्चा एकेका शब्दापुरती चालते; वाक्यात ते रूपक किती मेले आहे, हे ती पाहत नाही.

येथे प्लेटोच्या ‘फीड्रस’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या संवादात थ्यूथ ही देवता लेखनविद्या घेऊन राजापुढे येते आणि ती स्मृतीवरचे ‘फार्माकॉन’ आहे असे सांगते. ग्रीक शब्दाला औषध आणि विष असे दोन्ही अर्थ आहेत. भाषांतरकारांनी तेथे एकच, उपचाराचा, अर्थ घेतल्याने मूळ शब्दातील द्वंद्व कसे नाहीसे झाले, याचे विवेचन देरिदाने १९६८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात केले. देरिदाला त्या अनिश्चिततेत तत्त्वज्ञानाच्या पायाला गेलेला तडा दिसला. आपल्याकडील अभ्यासकांनी हा निबंध आवडीने वाचला. पैनगंगेकाठच्या शेतमजुराच्या दृष्टीने मात्र फार्माकॉनची अनिश्चितता ही संहितेची लीला नाही. ती त्याच्या पाठीवरच्या पंपात असते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती : डोक्याहून उंच वाढलेली कपाशी, उकाडा, निरनिराळ्या द्रव्यांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव. एका शब्दाने ती माणसे मारली असे म्हणणे हास्यास्पद होईल, आणि समीक्षकाने असा मोह टाळला पाहिजे. पण ज्या द्रव्याला आपण उघड्या हाताने ढवळतो त्याला रोज ‘औषध’ म्हणत असणे, हे त्या कारणांच्या शेजारी बसते की नाही, हा प्रश्न विचारणे हास्यास्पद नाही.

कायदा या द्रव्याला काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. पहिल्या प्रतीच्या विषावर कवटी आणि हाडे यांचे चित्र असते आणि ‘विष’ हा शब्द लाल अक्षरांत छापावा लागतो. म्हणजे डब्यावर विष आणि तोंडी औषध. एकाच वस्तूला दोन नावे, एक राज्यसंस्थेचे आणि एक व्यवहाराचे. अलंकाराचा अभ्यास करणाऱ्याने अशा ठिकाणी थांबले पाहिजे. येथे ‘वाच्यार्थ’ सरकारी कागदावर सुरक्षित आहे आणि ‘लक्ष्यार्थ’ बाजारात फिरतो आहे. अपघात झाल्यावर वाच्यार्थ दाखवता येतो.

यावर कोणी म्हणेल की मराठीत भीतिदायक वस्तूला गोड नावाने हाक मारण्याची जुनी रीत आहे, आणि ‘औषध’ हे त्याच रीतीचे आहे. आक्षेप गंभीर आहे. आपण बांगडी ‘वाढवतो’, दुकान ‘वाढवतो’. निघताना ‘येतो’ म्हणतो. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ म्हणतो. एका भयंकर रोगाला आपण ‘देवी’ म्हटले. या सर्व मंगलभाषितांत आणि ‘औषधा’त भेद आहे काय? मला तो आहे असे वाटतो, आणि तो शब्दाच्या रचनेत नसून वापरणाऱ्याच्या स्थानात आहे. ‘देवी’ म्हणणारी आई रोगाच्या धोक्याबाहेर उभी नव्हती. तिचे मूल तापलेले होते आणि त्या शब्दाने कोणाचा माल विकला जात नव्हता. शिवाय ‘देवी’ म्हटल्याने भय कमी होत नव्हते. उलट घरात सोवळे, पथ्य, दूर राहणे सुरू होत होते. शब्द गोड होता, वर्तन सावध होते. ‘औषध’ या शब्दाने वर्तन सैल होते. पाश्चात्त्य वक्तृत्वशास्त्रात ‘पॅराडायास्टोली’ नावाचा एक अलंकार आहे : दुर्गुणाला जवळच्या सद्गुणाचे नाव देणे, उधळ्याला उदार म्हणणे, आततायीला शूर म्हणणे. कॉर्सायरा येथील यादवीत माणसांनी शब्दांचे अर्थ कसे बदलून घेतले, याचे थ्यूसिडिडीसने केलेले वर्णन या अलंकाराच्या चर्चेत नेहमी येते. मंगलभाषित आणि पॅराडायास्टोली यांना इंग्रजी पाठ्यपुस्तके हल्ली ‘युफेमिझम’ या एकाच खणात टाकतात. हा केवळ वर्गीकरणाचा दोष नाही. भयाने झुकलेला आणि हितसंबंधाने झुकलेला, असे दोन वेगळे बोलणारे त्यामुळे एक होऊन जातात.

मग उपाय कोणता? लॉकचा उपाय सरळ आहे : वस्तूला तिचे खरे नाव द्या. १९४६ च्या आपल्या निबंधात ऑर्वेलनेही थोड्याफार फरकाने हेच सुचवले. गावांवर बाँब टाकण्याला ‘शांतताप्रस्थापना’ म्हणणाऱ्या राजकीय इंग्रजीची त्याने केलेली चिरफाड आजही उपयोगी आहे. पण ‘औषधा’चे खरे नाव कोणते? ‘कीटकनाशक’ म्हणावे, तर तो शब्द द्रव्याच्या परिणामांपैकी एकच सांगतो आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसाविषयी गप्प बसतो. हीही अंशाने पूर्ण सुचवणारी लक्षणाच झाली. इंग्रजीतील ‘पेस्टिसाइड’ घ्यावा, तर ‘पेस्ट’ हा प्राणिशास्त्रातला शब्दच नव्हे. मूळ लॅटिनमध्ये तो साथीच्या रोगाचा वाचक आहे. कोणतीही अळी जन्मतः ‘पेस्ट’ नसते. माणसाचे पीक खाल्ल्यावर ती तशी ठरते. ‘विष’ म्हणावे, तर ते डब्यावर लिहिलेलेच आहे आणि ते वापरून पीक वाचते हेही खरे आहे. विषाला विष म्हणूनच विकत घेऊन स्वतःच्या शेतात टाकणारा शेतकरी वेडा ठरेल. सारांश, शुद्ध वाच्यार्थाचे गाव कोठेही नाही. ऑर्वेलचा दोष हा की झिजलेल्या रूपकाकडे त्याने मुख्यतः लेखकाचा आळस म्हणून पाहिले. आळस हा लेखकाचा गुण-दोष झाला. ‘औषधा’ला लेखक नाही.

म्हणून मी निकष दुसरीकडे शोधतो. अलंकारिक उक्ती खरी मानली गेली, तर तिची किंमत कोण भरते? या प्रश्नाची परीक्षा ‘पांढरे सोने’ या दुसऱ्या शब्दावर करता येते. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली असलेल्या या प्रदेशात कापूस म्हणजे रोकड ही समजूत तेव्हापासून खोल रुजली. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद मापाच्या रेल्वेनेही हाच कापूस वाहिला. या गाडीचे नाव लोकांत ‘शकुंतला’ पडले, ही आपल्या काव्यसंस्कारांनी व्यापारावर केलेली एक विलक्षण कुरघोडी म्हटली पाहिजे. ‘पांढरे सोने’ हे रूपक कोणी प्रथम वापरले याला महत्त्व नाही. रिचर्ड्सने १९३६ मध्ये रूपकातील वर्ण्य आणि वाहक यांचा जो भेद केला, तो लावून पाहू. सोने कुजत नाही, पावसाने भिजून काळे पडत नाही, घरात ठेवता येते, अडचणीत गहाण टाकता येते आणि पेरावे लागत नाही. कापसाविषयी यांतील एकही गोष्ट पुरी खरी नाही. रंग आणि तेजी, एवढ्या दोन धाग्यांवर हे रूपक उभे आहे. भाषणात ते वापरणाऱ्या पुढाऱ्याचे, अहवालात वापरणाऱ्या अधिकाऱ्याचे किंवा मथळ्यात वापरणाऱ्या संपादकाचे रूपक फसले तर काहीही जात नाही. ते खरे मानून कर्ज काढणाऱ्याचे मात्र शेत जाते.

याच्या उलट एक उदाहरण त्याच शेतात सापडते. पहिल्या वेचणीला विदर्भात ‘सीतादही’ करतात. शेतात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. सीता म्हणजे नांगराचा तास; दही-भाताचा पांढरेपणा आणि फुटलेल्या बोंडाचा पांढरेपणा एकमेकांना पाहतात. हेही रूपकच आहे. पण त्यात कापसाची किंमत सांगितलेली नाही, त्याच्याकडून अपेक्षा व्यक्त केलेली आहे. शिवाय ते रूपक रचणारा आणि त्याची किंमत भरणारा एकच आहे.

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की ‘हा केवळ अलंकार आहे’ हा बचाव नेहमीच अप्रामाणिक असतो. इतिहास तसे म्हणू देत नाही. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता टोपणनावाने प्रसिद्ध झाली. मृत राजाने जागे होऊन देशाची स्थिती पाहावी आणि बोलावे, अशी तिची रचना. इंग्रजी वक्तृत्वशास्त्रातील ‘प्रोसोपोपिया’ तो हाच. त्याच अंकातील शिवाजी उत्सवाच्या वृत्तान्तासह ही कविता राजद्रोहाचा पुरावा झाली. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला आणि सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. न्यायासनाने येथे अलंकाराला अलंकार मानले नाही. उलट स्वतः एका उपसर्गाचा अर्थ असा ताणला की न-प्रेम हाच गुन्हा ठरावा. (टिळकांवर पुढे यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या बापूजी अणे यांनी संस्कृतात ‘तिलकयशोऽर्णव’ हे महाकाव्य लिहिले आणि १९७३ मध्ये त्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; काव्यासाठी शिक्षा झालेल्या संपादकाचे चरित्र काव्यातच यावे, हे उचित झाले.) १८९८ मध्ये सुरू झालेल्या ‘काळ’ पत्रात शिवराम महादेव परांजपे यांनी व्याजोक्तीला शैलीचा कणाच बनवले. स्तुती करावी आणि वाचकाने निंदा वाचावी, हा त्यांचा मार्ग. १९०८ मध्ये त्यांनाही राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली.

या दोन्ही ठिकाणी अलंकाराचा आडोसा सत्तेखाली असलेल्याने घेतला होता, आणि अलंकार खरा मानला गेल्यावर किंमत त्यानेच भरली. ‘पांढऱ्या सोन्या’त आडोसा घेणारा आणि किंमत भरणारा वेगळे होतात. म्हणून अलंकार-सिद्धांत स्वतः नैतिक किंवा अनैतिक नाही, एवढे म्हणून थांबणे मला अपुरे वाटते. उक्तीचे उत्तरदायित्व तिच्या धोक्याच्या वाटणीत आहे, आणि ती वाटणी उक्तीच्या रूपात दिसत नाही. ती पाहण्यासाठी उक्तीभोवतालचा माणूस पाहावा लागतो. साहित्यशास्त्राने हे आपले काम नाही असे म्हटले, तर ते करायला दुसरे शास्त्र नाही. अर्थशास्त्राला भावाचे चढउतार दिसतात. ‘सोने’ हा शब्द दिसत नाही.

तिसरा शब्द ‘पात्र’. ढाणकीपासून दूर नसलेल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले. महाराष्ट्रात नोंदवली गेलेली ती पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्यानंतरच्या दशकांत या मृत्यूंची संख्या इतकी वाढली की शासनाला साहाय्याचे नियम करावे लागले. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा ही कारणे सिद्ध झाली तर प्रकरण ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. इंग्रजी फायलीतील ‘एलिजिबल’चे हे भाषांतर. मूळ लॅटिन धातूचा अर्थ निवडणे असा आहे. निवडणारा तेथे उघड असतो. मराठीत आलेला शब्द मात्र संस्कृतातून मोठा वारसा घेऊन आला. पात्र म्हणजे भांडे. मग ज्याच्यात दान टाकावे असा योग्य पुरुष. मग नाटकातील भूमिका. अपात्री दान करू नये, ही शिकवण या शब्दात मुरलेली आहे. त्यामुळे निवडणारा दिसेनासा होतो आणि योग्यता-अयोग्यता ही घेणाऱ्याच्या ठायी असलेली गोष्ट वाटू लागते.

शासनाचा निर्णय वास्तविक अर्जाविषयी, फार तर कारणाविषयी असतो. ‘पात्र प्रकरण’ यातील ‘प्रकरण’ बोलण्यात गळते, ‘पात्र आत्महत्या’ असा प्रयोग होतो, आणि तेथून ‘तो अपात्र ठरला’ हे एकच पाऊल. साहचर्यावर आधारलेली साधी लक्षणा आहे ही. परीक्षेत तिला दोन गुण मिळतील. तहसिलातून येणाऱ्या कागदावर कर्ता ‘प्रकरण’ असतो. तो कागद घरी वाचून दाखवला जातो तेव्हा कर्ता बदललेला असतो.